चूळ

यंत्रातून जो माणूस बोलत होता तो आपण नव्हे, याबद्दल अंबादास उलप्याची खात्री होती. शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये जिल्हाभरातले इंग्रजीचे मास्तर खुर्च्या ओढून बसले होते, टेबलावर टेपरेकॉर्डरची दोन चाकं एकमेकांकडे न बघता फिरत होती, आणि त्यांच्यामधल्या चॉकलेटी फितीतून कुणीतरी घोगरा, घाईत असलेला माणूस इंग्रजी परिच्छेद वाचत होता. वाचत कसला, हाकत होता. वाक्याच्या सुरुवातीला हैक् करायचा आणि शेवटाला कासरा ओढायचा. अंबादासला आधी वाटलं, हैदराबादेहून आलेल्या डॉ. शेणोलीकरांनी चुकून दुसऱ्याच कुणाची फीत लावली. मग त्याला त्या माणसाची दया आली. बिचारा मन लावून वाचत होता. मग परिच्छेद संपला, तो माणूस खाकरला, आणि ते खाकरणं मात्र अंबादासनं ओळखलं. गेली कित्येक वर्षं वर्गात शिरण्यापूर्वी तो तसाच खाकरत आला होता. बाकी सगळं परकं, खाकरणं तेवढं स्वतःचं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपला आवाज पहिल्यांदा ऐकू यावा आणि त्यातली ओळखीची गोष्ट एकच निघावी, तीही घशातला बेडका, हे त्याला अपमानास्पद वाटण्याआधी अजब वाटलं. त्याला उगीचच बावड्याला गावाकडं असलेल्या वडिलांची, आण्णांची आठवण झाली. आण्णांचे डोळे काचबिंदूनं कधीच गेले होते, आणि आता ते सगळ्या जगाला आवाजावरून ओळखत. उंबऱ्याबाहेर कुणी नुसतं ‘आण्णा’ म्हटलं तरी नाव सांगत. ते इथं असते तर त्यांनी ओळखलं असतं का?

चाकं थांबली तेव्हा डॉ. शेणोलीकर टाळ्या वाजवत होते. गोरापान, गुटगुटीत माणूस, लीड्सला दोन वर्षं राहून आलेला, आणि आनंद झाला की खुर्चीतून अर्धवट उठणारा. ‘वा! उलपे सर, वा! कुठं शिकलात हो हे?’ अंबादास उभा राहिला. कौतुक होणार असलं की उभं राहायचं, ही त्याची जुनी सवय. ‘आमच्या लीड्सच्या घरी कोळसा टाकायला एक म्हातारा यायचा,’ शेणोलीकर सगळ्या हॉलकडे वळून म्हणाले, ‘अगदी, अगदी असा बोलायचा! तेच बटचं बुट, तेच कमचं कुम, तेच हाऊसचं आऊस! मी आत्ता डोळे मिटले होते ना, तर कोळशाचा वास आला मला.’ हॉल हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. मास्तर लोक सकाळपासून कंटाळलेले होते आणि त्यांना हसायला काहीतरी हवं होतं. ‘आता तिकडंसुद्धा असं बोलणारी माणसं कमी होत चाललीत,’ शेणोलीकरांनी हळहळून सांगितलं. ‘आणि तुम्ही इथं कोल्हापुरात जपून ठेवलंय! उद्या तुमची आणखी तासभर टेप करून घेऊ. नमुना म्हणून.’ अंबादास उभाच होता. आपण बसायचं की नाही हे त्याला ठरवता येईना. कोळशाच्या पोत्याला कुणी खाली ठेवल्याशिवाय बसता येतं का, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि आपल्याला अशा वेळी असले विचार येतात याचं त्याला नवल वाटलं.

खरं म्हणजे शिबिर होतं ते एकाच गोष्टीसाठी. खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या कानावर नीट इंग्रजी पडावं म्हणून धडे टेप करायचे आणि त्या फिती जिल्ह्यातल्या हायस्कुलांत पाठवायच्या, असं वरून ठरलं होतं. त्यासाठी एक आवाज निवडायचा होता. तो कुणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात कुणाला पडला नव्हता. ‘इंग्रजीचे उलपे सर’ म्हटलं की रिक्षावाला शाळेच्या फाटकात आणून सोडत असे. अंबादास सकाळी घरून निघाला तो परीक्षा द्यायला नव्हे, हार घालून घ्यायला. बायको कालिंदीनं कोटाला इस्त्री करून दिली होती आणि ‘यंत्राला तुमचा कोट दिसणार नाही’ असंही सांगितलं होतं. कालिंदी शहरातल्या मास्तरांच्या घरची. तिला नवऱ्याच्या भाषेचा धाक वाटायचा नाही, कारण तिच्या माहेरी सगळेच तसं बोलत. ती मधूनच म्हणायची, ‘दिवसा तुम्ही छापल्यासारखं बोलता, पण झोपेत चक्क न्हाय, न्हाय करता हो!’ आणि अंबादास ते साफ नाकारायचा. झोपेत माणूस काय बोलतो याला पुरावा नाही, असं तो म्हणायचा. आणि आता पुरावा देणारं यंत्र निघालं होतं. पण निवड झाली जोतीरामची. जोतीराम जयसिंगपूरच्या शाळेत होता, टेरीकॉटचा शर्ट घालायचा आणि इंग्रजी असं बोलायचा की समोरच्याला आपण मराठीच ऐकतोय असं वाटावं. ‘साधं, स्वच्छ, आपलं,’ शेणोलीकर म्हणाले. ‘मंडळी, आता आपल्या देशाचंही एक इंग्रजी आहे. त्यात लाजायचं काही कारण नाही.’ हॉलमधल्या मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. आयुष्यभर लाजत आलेल्या माणसांना लाजायचं कारण नव्हतं, असं सरकारी खर्चानं कळणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

बुट आणि कुम हे अंबादासच्या घरचे नव्हते. ते हेर्लेकर सरांचे होते आणि सरांना ते बॅट्सनसाहेबाकडून आले होते. ही वंशावळ अंबादास दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला सांगत असे, कीर्तनकार गुरुपरंपरा सांगतो तशी. संस्थानच्या काळात कोल्हापुरात बॅट्सन नावाचा गोरा साहेब आला. पागेतले घोडे सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. माधवराव हेर्लेकर तेव्हा पागेच्या कारकुनाचा पोरगा. संध्याकाळी घोड्यांना खरारा चाललेला असताना बादलीवर बसून तो साहेबाचं बोलणं ऐकायचा आणि तसंच्या तसं म्हणायचा. पुढं हा पोरगा हेडमास्तर झाला आणि त्यानं शहाण्यासुरत्या पोरांच्या तीन पिढ्या ‘द सुन इज उप, बुट द बुस अॅझ नॉट कुम’ असं म्हणायला शिकवल्या. पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का, हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांनी मास्तरांना विचारला असेल. हेर्लेकर सरांच्या वर्गात तो कधीच निघाला नाही, कारण तिथं पुट आणि बुट दोन्ही एकसारखेच होते. साहेब पागेत होता हे कुणी लपवलं नाही. उलट मोठ्या अभिमानानं सांगितलं जायचं. इंग्लंडमध्ये पंतप्रधान आणि घोड्यांचा मोतद्दार एकच भाषा बोलतात, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि ती खोडून काढायला कोल्हापुरात दुसरा साहेब नव्हता. एकदा सर पुण्याला परिषदेला गेले. तिथले प्राध्यापक सरांचं भाषण ऐकून रुमालात हसले. सर परत आले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, ‘पुण्याचं इंग्रजी बिघडलेलं आहे.’ ते ऐकून पोरांच्या छात्या फुगल्या. पुणं बिघडलंय हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. पण इंग्रजीतसुद्धा, हे नवं होतं. पुढं अंबादासनं रेडिओ घेतला आणि लंडनहून बातम्या देणारा माणूस स्पष्ट बट म्हणतो हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हाही तो डगमगला नाही. लढाईनंतर इंग्लंडची घसरण झाली होती, हे वर्तमानपत्रांतून येतच होतं.

चहाच्या सुट्टीत जोतीराम कपबशी घेऊन आला आणि वाकून पायाला हात लावू लागला. ‘सर, आय अॅम फीलिंग व्हेरी बॅड, सर.’ ‘अरे, असू दे,’ अंबादास म्हणाला. ‘तुझं काय चुकलं?’ ‘मी तुमचाच विद्यार्थी आहे की, सर. तुम्ही मला किती वेळा चूळ भरायला पाठवलंत! नळापाशी इतका वेळ असायचो, की शिपायाला वाटायचं मी माळ्याचा पोरगा.’ जोतीराम मनापासून हसला. त्याच्या मनात डंख नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. ती पद्धतही हेर्लेकर सरांची. वर्गात ज्या पोराच्या तोंडून हाय, न्हाय, व्हय असं काही निघेल, त्यानं उठून अंगणातल्या नळावर जायचं, तोंड भरून पाणी घ्यायचं, गुळगुळ करून टाकायचं आणि परत येऊन तेच वाक्य शुद्ध म्हणायचं. छडी नाही, शिवी नाही. सर नुसते खिडकीकडे बोट करत आणि म्हणत, ‘चूळ.’ बावड्याहून चालत येणारा अंबादास पहिल्या वर्षी एवढ्या चुळा भरून आला की त्याला दुपारी भूक लागेनाशी झाली. शहरातली पोरं खिडकीतून बघायची. तोंडातलं पाणी कधी गार, कधी उन्हानं तापलेलं, त्याला नळाच्या लोखंडाची चव. आणि ते थुंकताना दर वेळी असं वाटायचं, की पाण्याबरोबर आणखीही काहीतरी बारीक, गुळगुळीत, भाताच्या शितासारखं गेलं. काय गेलं ते कळायचं नाही. वाकून बघावं तर नुसतं ओलं. मग एक दिवस चूळ भरायची वेळ येईनाशी झाली. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढं तो स्वतः मास्तर झाला, त्यानंही खिडकीकडे बोट केलं, आणि अंगणातला नळ तोच होता.

शिबिर संपायच्या आत तो बाहेर पडला. कोट काढून हातावर घेतला. दुकानांच्या ओळीतून चालताना लोक नमस्कार करत होते, ‘काय सर?’ म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायला तोंड उघडण्यापूर्वी त्याला एक क्षण भीती वाटत होती, की आता तो फितीतला माणूस बोलणार. तो नुसती मान हलवत राहिला. म्हणजे बॅट्सन हा तिकडचा बावडेकर होता, त्याच्या मनात स्वच्छ वाक्य तयार झालं, फळ्यावर लिहावं तसं. तिकडंही एखादी शाहूपुरी असणार, एखादी शाळा असणार, एखादा मास्तर खिडकीकडे बोट करत असणार, आणि त्या शाळेत पोरगेल्या बॅट्सनला बुट म्हटल्याबद्दल नळावर पाठवलं असणार. तो गेला नसेल. तो घोड्यांकडे गेला. घोड्यांना चालतं. मग तो समुद्र ओलांडून इकडे आला आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या तोंडाकडे देवाकडे बघावं तसं बघितलं, बादलीवर बसून. त्याला किती बरं वाटलं असेल! आणि इकडे आपण एका बावड्याचं तोंड धुऊन काढलं, आणि त्यात दुसरा बावडा भरला. अंबादास चालता चालता थांबला, कारण हे त्याला फार विनोदी वाटलं. तो हसलासुद्धा. भांड्याच्या दुकानातल्या माणसानं वर बघितलं. हसण्याचा आवाजही यंत्रात कसा लागला असता कुणास ठाऊक.

मग ते इंग्रजी गेलं तर गेलं, असं तो स्वतःला सांगू लागला. आंगठी हरवल्यावर बोट तर आहे ना, असं माणूस म्हणतो, तसं. इंग्रजी काही आपल्या बापाचं नव्हतं. बापाचं जे होतं ते कुठंतरी असेलच. कालिंदी काय उगीच सांगते? दिवसभर तोंड धुऊन ठेवलं तरी झोपेत येतं म्हणजे आत आहे, तळाशी आहे, गाळासारखं. तेवढं वर काढलं की झालं. एका तरी माणसासमोर तोंड उघडावं आणि त्यानं डोळे मिटून म्हणावं, हा अंबादास. एवढंच त्याला हवं होतं. आणि तसा माणूस जगात एकच होता, आणि त्याला डोळे मिटायचेसुद्धा कष्ट नव्हते. त्यानं बावड्याची बस पकडली. बसमध्ये खिडकीशी बसून तो ओठातल्या ओठात घोकू लागला: मी हाय की. कवा जेवलासा? न्हाय, न्हाय, बसा तुमी. वक्तृत्व स्पर्धेच्या आधी पोरांना तो असाच घोकायला लावायचा. प्रत्येक शब्द जिभेवर यायचा तो कुणीतरी धुऊन, इस्त्री करून पाठवल्यासारखा. ‘हाय’ म्हणताना त्याच्या मनात ‘आहे’ आधी उभं राहायचं आणि मग खाली वाकून ‘हाय’ व्हायचं. भाषांतर करत होता तो. आईच्या दुधाचं भाषांतर. शेजारी एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. तिनं कोंबडी दुसऱ्या बाजूला घेतली.

साखर कारखान्याचा हंगाम लागला होता. बसमधून उतरला तसा मळीचा तो आंबूस-गोड वास छातीत घुसला आणि काही न विचारता त्याला पोरगा करून गेला. वास चुका काढत नाही. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, चिपाडं, बैलांचं शेण. याच रस्त्यानं तो हेर्लेकर सरांकडून पहिल्यांदा शाबासकी घेऊन घरी आला होता. आण्णा दारात चंची सोडून बसले होते. ‘जेवलास न्हाय का रं?’ त्यांनी विचारलं होतं. आणि त्यानं, सरांनी केलं होतं अगदी तसं, अंगणातल्या पाण्याच्या घागरीकडे बोट केलं होतं आणि म्हटलं होतं, ‘आण्णा, चूळ भरा.’ आण्णांनी आधी त्याच्याकडे, मग घागरीकडे बघितलं होतं. मग ते खूप हसले होते. हसता हसता उठून त्यांनी खरोखरच चूळ भरली होती, लांबवर टाकली होती, आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं होतं, ‘आरं, माजा मास्तर बघ की माजा!’ ती आठवण अंबादासला आजवर गोड वाटत आली होती.

घरापुढच्या कट्ट्यावर आण्णा उन्हाला पाठ करून बसले होते. पटका नव्हता, डोकं पांढरं, हाताशी तांब्या. थोरला भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती. त्याची बायको चिमणाबाई आण्णांचं सगळं बघायची. ती दळण घेऊन गेली असावी, दार नुसतंच ओढून घेतलेलं होतं. अंबादास समोर उभा राहिला. पायांचा आवाज ऐकून आण्णांनी मान वर केली. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून कुठंतरी उसाच्या गाड्यांकडे गेली.

‘कोन हाय?’

अंबादास खाकरला. मग म्हणाला, ‘आण्णा, मी हाय की. अंबादास. कवा जेवलासा?’

आण्णांचा चेहरा तसाच राहिला. मग त्यावर सावकाश एक हसू आलं, परक्या माणसासमोर येतं तसलं. ‘पावणं,’ ते म्हणाले, ‘डोळं गेल्यात माजं, कान न्हाय. आंदळ्या मानसाची मस्करी करू ने.’

‘मस्करी न्हाय, आण्णा. म्या खरंच अंबादास हाय.’

‘आमचा अंबादास असं बोलत न्हाय,’ आण्णा शांतपणे म्हणाले. ‘त्यो बोलाय लागला की रेडिओवर बातम्या लागल्यावानी वाटतंय. आन् तुमी... तुमी आमच्या हितलं बी न्हाईसा. तमाशातला सोंगाड्या शेतकऱ्याचं सोंग काडतोय न्हवं, तसं बोलतायसा. कुठलं म्हनायचं तुमी?’

एक वाक्य पुरे होतं. ‘आण्णा, मी अंबादास आहे, आपण जेवलात का?’ एवढं म्हटलं असतं की म्हाताऱ्यानं ताबडतोब ओळखलं असतं. ते वाक्य अंबादासच्या तोंडात तयार होतं, स्वच्छ धुतलेलं, आणि ते बाहेर काढायला त्याची जीभ हलेना. खरं बोललो तर ओळखत नाहीत आणि खोटं बोललो तर ओळखतील. आणि त्यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं, हे तरी त्याला कुठं ठाऊक होतं? ‘जयसिंगपूरचा,’ तो म्हणाला. का कुणास ठाऊक, त्याला जोतीराम आठवला.

‘लांबनं आलायसा की! बसा. सून गेलीया दळाप घिऊन, इल आता. च्या घिऊन जावा.’ आण्णांनी कट्ट्यावरचा हात सरकवून जागा केली. अंबादास बसला. इतक्या जवळ तो त्यांच्याशेजारी कधी बसला होता, ते त्याला आठवेना. आला की त्याला खुर्ची मिळायची. ‘मास्तरचं काय काम हुतं?’ आण्णांनी विचारलं. ‘काय न्हाय. भेटायचं हुतं.’ ‘मग शाळंत जावा. लई मोटा मानूस हाय त्यो. त्येच्यावानी विंग्रजी कोल्लापुरात कुनाला येत न्हाय. सायेबाला बी येत न्हाय म्हंत्यात.’ ‘व्हय,’ अंबादास म्हणाला. आणि म्हातारा सुटला. जयसिंगपूरकडं उसाची तोड आली का, गाड्यांना किती दिवस ताटकळावं लागतं, गुडघा कसा रात्रभर ठणकतो, चिमणाबाई मायाळू आहे पण मीठ कमी घालते. सगळं भडाभडा, मोठ्यानं, मध्येच अंबादासच्या मांडीवर थाप मारून. अंबादासनं हा माणूस इतकं बोलताना कधी ऐकला नव्हता. त्याचा बाप मितभाषी होता. आला की ‘बरं’, निघाला की ‘बरं’. तो तसा समाधानी माणूस आहे, असं त्यानं कालिंदीला कितीदा सांगितलं होतं.

‘पोरगा येतोय न्हवं अदनंमदनं?’ त्यानं विचारलं. आता बोली आपोआप येत होती, सोंगाड्याची असली तरी.

‘येतोय की. येत न्हाय म्हनू ने.’ त्यांनी हातानं चाचपून तांब्या आहे का बघितलं आणि तो पुन्हा जागच्या जागी ठेवला. ‘पर पावणं, तुमी परकं हाईसा म्हून सांगतो. त्यो आला की बोलाय जमत न्हाय. ल्हान हुता तवा मला म्हनला हुता, आण्णा, चूळ भरा. शिकलेलं पोरगं, त्येचंच खरं म्हनलं. तवापासनं त्यो यायचा आसला की आदी चूळ भरतो म्या. त्येला वाटतंय तंबाकूची हाय.’ ते हसले. ‘त्येची आय गेली तवा मनात हुतं, त्येच्या गळ्यात पडून वरडावं. पर रडाय लागलो आन् त्वांडातनं कायतरी वंगाळ गेलं तर? चार शिकलेली मानसं आल्ती त्येच्यासंगं. म्हून गप बसलो. त्यो बी गप. लई शाना हाय, रडला न्हाय.’

उसाची एक गाडी गेली, तिच्या चाकाचं कुरकुरणं बराच वेळ येत राहिलं. त्याला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. पण रडण्याच्याही आत त्याला कुणीतरी शब्द जुळवताना ऐकू येत होतं. त्याला एवढंच कळत होतं, की हे असंच चालू राहावं. हा म्हातारा असाच बोलत राहावा, मांडीवर थाप मारत राहावा. दर आठवड्याला जयसिंगपूरहून यावं. कोट न घालता यावं. ही लबाडी जन्मभर निभावून नेण्याचा एक बेत त्याच्या मनात सबंध आकार घेऊ लागला; आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बापाकडे यायचं कारण सापडलं होतं.

‘न्हाय पटत तुमास्नी?’ आण्णांनी विचारलं.

‘पटतंय की,’ अंबादास म्हणाला, आणि त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी डोक्यावर पिठाचा डबा घेतलेली चिमणाबाई त्याला दिसली. तो अर्धवट उठला. त्यानं हात वर केला, बोट ओठावर नेलं. चिमणाबाईला वाटलं, भावजी नमस्कार करतायत. ती लांबूनच, बावड्यातली माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं, ओरडली:

‘आगं बया! भावजी! कवा आलासा? आन् ह्ये काय, मामंजी, भावजीस्नी कट्ट्यावरच बशीवलंय? खुर्ची न्हाय का घरात?’

आण्णांचा हात अंबादासच्या मांडीवर होता. तो तिथंच राहिला, थोडा वेळ, एखादी वस्तू विसरावी तसा. मग त्यांनी तो उचलला. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नव्हता, ओळख नव्हती. त्यांनी बसल्या जागी धोतर सारखं केलं, डोक्याला पटका नाही हे चाचपून बघितलं, मग तांब्या शोधला. पाणी तोंडात घेतलं. गाल हलत होते, आतल्या पाण्याचा आवाज अंबादासला स्पष्ट ऐकू येत होता, आणि चिमणाबाई डबा उतरवून सवयीनं बाजूला झाली, कारण ही चूळ कुठं पडते हे तिला ठाऊक होतं. आण्णांनी ती लांबवर टाकली. पंचानं तोंड पुसलं. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

मग समोरच्या मोकळ्या हवेकडे बघत, एकेक अक्षर सांभाळत, अत्यंत शुद्ध म्हणाले,

‘बरा आहे. आपण बसा.’